लालबागच्या आखूड गोष्टी

जयवंतराव दाढीला बसले होते, स्टोव्हवर पोह्यांना वाफ येत होती आणि सरोजिनीबाई टेबलावर आपल्या पुस्तकाची शेवटची मुद्रितं तपासत होत्या. गिरगावातल्या त्या घरी सकाळी आठला सहसा कुणी येत नसे. त्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, ट्रामसुद्धा बंद. तरी दारावर थापा पडल्या.

दारात मीराबाई! गिरणीत पंचवीस वर्षं काढलेली, सरोजिनीबाईंना सात गोष्टी सांगणारी. पार लालबागपासून चालत आलेली.

"उद्याच्या बोटीन गावाक चाललंय. त्याआधी भांडान घेतंय. माज्यो गोष्टी आखूड?"

सरोजिनीबाई चपापल्या. 'पऱ्या-राक्षसांवर कसला प्रबंध?' ही कॉलेजातली थट्टा सोसत त्यांनी नऊ वर्षं मुलांच्या गोष्टी गोळा केल्या होत्या. त्यातला मोठा शोध हाच, की गावाकडच्या गोष्टींचे शेवट गिरणगावात येईतो गळून पडतात. राक्षसाचा जीव पोपटात आहे, इथवर मीराबाई रंगवून सांगायच्या, मग एका दमात, "पोपट मेलो, राक्षस मेलो, संपली." मासिकात तसा लेख आला आणि मीराबाईंच्या सुनेनं तो त्यांना वाचून दाखवला.

"तुझी मान सदा वहीत. तोंडातून एक 'हूं' नाय! ऐकणारो गप झालो की समजाचा, तेका झोप इली. मग गोष्ट आवरती घेवची. आमच्या आयेन असाच शिकवल्यान."

सरोजिनीबाई खुर्ची मागे ढकलून उठल्या.

"अहो, ऐकलंत का? शहरानं काही गाळलं नाही, मीच गाळलं! गोष्टी सगळ्या शाबूत आहेत!"

"अगं, पण मुद्रितं उद्या छापखान्यात..."

"गळलेल्या शेवटांचं अख्खं प्रकरण रद्द!"

"आणि म्हणून तू हसतेयस?"

"मग काय रडू? सातही गोष्टी दारात चालत आल्यात!"

मीराबाईंचा राग चहाच्या बशीबरोबर निवला. पदर खोचून त्यांनी मांडी घातली. "एका राजाक सात राण्यो..."

"हूं."

"धाकटी नावडती..."

सवयीनं सरोजिनीबाईंची पेन्सिल वहीवर धावली आणि हूं राहूनच गेलं. मीराबाई थांबल्या. पेन्सिलीकडे बघत बसल्या.

सरोजिनीबाईंनी वही-पेन्सिल उचलून नवऱ्यापुढे धरली.

"अहो, आज तुम्ही लिहून घ्या."