पलटीबाईंचा शनिवार

पलटीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण अख्ख्या विद्यापीठात खऱ्या नावाने त्यांना फक्त पगारपत्रक ओळखत होतं. एरवी त्या तत्त्वज्ञान शिकवत, आणि दर शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या वर्गात वादविवादाचा तास घेत. त्या तासाचा नियम एकच: ज्याला जे पटत नाही, त्याने त्याच बाजूने बोलायचं. तेही जीव ओतून. बोलून झालं की ज्याची ती खरी बाजू असे तो उठून सांगे, "हो, माझं म्हणणं हेच आहे." तो तसं म्हणेपर्यंत सुटका नसे.

असल्या तासाला कोण मरायला जाणार, असं कुणालाही वाटेल. पण पोरं येत. काहीजण बाईंनी थर्मासमधून आणलेल्या चहासाठी येत, हे बाईंनाही ठाऊक होतं. चहाच्या मिषाने का होईना, डोकं उघडतंय ना, असं त्या म्हणत.

ही खोड त्यांना घरातूनच लागली होती. त्यांचे यजमान निवृत्त पोस्टमास्तर, आणि राजकारणात दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. निवडणुकीच्या दिवशी दोघं बरोबर जात, रांगेत एकामागे एक उभे राहत, विरुद्ध पक्षांना मतं देऊन एकमेकांचं मत मारत आणि हसत घरी येत. मग घरीच का बसत नाही, असं शेजारणीने एकदा विचारलं तेव्हा मात्र दोघंही तिच्यावर उखडले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ठरवून टाकलं होतं की भांडण पेटलं तर आधी दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगायचं, मग आपलं. त्यापायी जेवण गार होई, पण डोकी तापत नसत. घरात चालतं ते वर्गात का चालू नये, एवढाच बाईंचा साधा हिशेब होता.

त्या वर्षी विद्यापीठात एका नव्या नियमावरून रण माजलं. बाहेरच्या वक्त्याला बोलवायचं तर आधी कुलगुरूंच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची, असा तो नियम. विरोधात सगळ्यांत पुढे होती इतिहास विभागातली लवंगी. लवंगी म्हणजे फटाका; अंगाने तेवढीच आणि आवाजाने तशीच, म्हणून हे नाव. नियमाच्या बाजूने होता कायद्याचा एक विद्यार्थी. पदवी अजून लांब होती, पण त्याला सगळे आतापासूनच वकील म्हणत. त्याचंही काही उगाच नव्हतं. आदल्या वर्षी एका भाषणानंतर दगडफेक झाली आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचं डोकं फुटलं होतं. हे दोघंही शनिवारी बाईंच्या वर्गात समोरासमोर बसत.

एका शनिवारी नियमाच्या बाजूने बोलायची पाळी लवंगीवर आली. पोरगी अशी काही बोलली की विचारू नका. "विद्यापीठ म्हणजे बाजार नव्हे, की कुणीही यावं आणि आपलं दुकान मांडावं," असं म्हणून तिने टेबलावर हात आपटला. वकिलाने उठून कबूल केलं की माझं म्हणणं हेच आहे, आणि मला इतकं चांगलं मांडता आलं नसतं. बाई खूश झाल्या. कुणीतरी मात्र तेवढाच तुकडा मोबाईलवर टिपला होता. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि बाईंनी शोधायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता, आणि खाली लिहिलं होतं, बघा हिचं खरं रूप. लवंगी तिच्या संघटनेकडून विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी होती; वकीलही विरुद्ध संघटनेच्या उमेदवारांच्या यादीत होता. संघटनेने तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सर्वांसमोर खुलासा करायला सांगितलं. तो पटला नाही तर उमेदवारी रद्द. इकडे विभागप्रमुखांनी बाईंना फोन करून सुचवलं की हा शनिवारचा उपद्व्याप आता आवरता घ्या.

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तास बंद पडेल याचं वाईट वाटत होतंच, पण आपल्या नियमापायी पोरीचं वाटोळं होतंय हे जास्त लागलं होतं. मी येऊन सगळं सांगते, असं त्यांनी लवंगीला फोनवर सांगून पाहिलं.

"नको बाई," लवंगी म्हणाली. "तुम्ही बोललात तर म्हणतील, बाईंच्या पदराआड लपली."

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. पोरीचं बरोबर आहे, तू जा, पण मागे उभी राहा, असं ते म्हणाले. या खेपेला बाईंनी वाद घातला नाही.

सभेला ही गर्दी झाली होती. लवंगीने तोंड उघडलं की आरडाओरडा सुरू होई. सगळ्यांना बोलू द्या म्हणून ज्यांनी महिनाभर घसे फोडले होते, तेच तिला बोलू देईनात, आणि ही गंमत त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात येत नव्हती. माणूस चिडला की त्याला स्वतःची घोषणाही ऐकू येत नाही. लवंगीचा आवाज बसला. मागे उभ्या असलेल्या बाई एक पाऊल पुढे सरकल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात वकील पायऱ्या चढून वर गेला. आता हा तिला उभी सोलणार, म्हणून त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. लवंगीची माणसंही कुतूहलाने गप्प झाली. त्याने लवंगीकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

परवानगी देणारा आज भला असेल, उद्या तो बदलेल, नियम मात्र राहील, असं तो म्हणाला. आवडणाऱ्याला कुणीही बोलू देतं. नावडत्याला बोलू देण्यातच खरी कसोटी आहे. डोकं फुटलं होतं तो मित्र समोरच उभा होता. त्याच्याकडे पाहून वकील क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "डोकं भाषणाने फुटलं नाही, दगडाने फुटलं. दगड मारणाऱ्याला धरा, बोलणाऱ्याला नको."



"हे तिचं म्हणणं आहे," वकील म्हणाला. "यातलं एक अक्षर मला पटत नाही. पण शनिवारी ती माझं बोलत होती, म्हणून आज मी तिचं बोललो."

बसक्या आवाजात लवंगी म्हणाली, "हो, माझं म्हणणं हेच आहे."

लवंगीची उमेदवारी वाचली. वकिलाची मात्र गेली. त्याच्या संघटनेने त्याच संध्याकाळी यादीतून त्याचं नाव उडवलं; घरभेदी म्हणाले. पुढच्या शनिवारी बाईंच्या वर्गात बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत, आणि विभागप्रमुखांनी तो विषय पुन्हा काढला नाही. लवंगी आल्याआल्या वकिलावर घसरली. निम्मे मुद्दे गाळलेस, उरलेले पुचाट करून मांडलेस, असं तिचं म्हणणं होतं. आभार मानायची तिची ती रीत होती आणि वकिलाला ती कळली.

निवडणुकीत लवंगी थोडक्यात निवडून आली. निकालाच्या दुपारी वकील बाईंच्या खोलीत आला आणि चहाचा कप घेऊन बसला.

"बाई, मी तिला मत नाही दिलं," तो म्हणाला.

मग कुणाला, असं बाईंनी विचारलं. त्याने आपल्याच संघटनेला दिलं होतं, जिने त्याला घरभेदी ठरवून यादीतून काढलं तिलाच. नियम मला अजूनही हवाच आहे, तो म्हणाला, आणि बाई रागावतील की काय म्हणून खाली मान घालून बसला.

बाईंना स्वतःला तो नियम मुळीच नको होता. लवंगी जिंकली म्हणून त्या सकाळपासून हवेत होत्या. पण या पोराकडे बघताना त्यांना जे समाधान वाटलं ते त्या जिंकण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पटत नव्हतं, तर तिला द्यायचंच नव्हतं."