प्लुटोची सरकी

आज कपाट आवरताना निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली कापसाची एक सरकी सापडली आणि मी थेट पुसदच्या आमच्या अंगणात पोहोचले.

धाकट्या मीनाच्या शाळेत दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं. सायकलच्या रिंगवर तिने नऊ ग्रह बांधले होते. सगळ्यात बाहेरचा प्लुटो म्हणजे ही सरकी. तेवढ्यात पेपर आला : शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांमधून वगळलं होतं.

मीना रडायलाच लागली. "ताई, आता बक्षीस कायचं भेटते मले!"

मी लगेच कात्री आणली. चूक दिसली की काढायची, हा माझा खाक्या.

रिंग देणारे सायकलवाले सलीमचाचा फाटकातच उभे होते. "कायले कापून राह्यली, बेटा? बिरादरीतून काढलं म्हणून त्यानं फिरणं सोडलं का?"

मीना रडता रडता हसली. परीक्षकांनाही तिने हेच ऐकवलं आणि दुसरं बक्षीस आणलं.

मला वाटायचं, शास्त्रज्ञ बोलले की विषय संपला. पण प्लुटोवरून ते अजून भांडताहेत! मी मीनाला सरकीचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "ताई, आधी ती कात्री खाली ठेव."