दूध-शेवया

माझ्या धाकट्या जावेला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसलीस. ज्यांच्या पोरीला भर हॉटेलात कुणी हसलं नाही, त्यांनी मला शिकवू नये.

नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. दीर रोह्याला कंपनीत लागला होता आणि जाऊ तिथलीच, बाजारपेठेत वाढलेली. आम्ही पेणचे, खाडीकडचे. सासरे मिठागरावर, नवरा डोलवीला कंत्राटात. दिवाळीनंतर मी पोरीला घेऊन दिराकडे राहायला गेले. पोर पाच वर्षांची. स्टेशनच्या वाटेवर नवीन चायनीज निघालंय, चला नूडल्स खाऊ, असं जाऊ म्हणाली. पोरीने मला विचारलं, नूडल्स म्हणजे काय गो आये? मी म्हटलं, शेवया असतात. चूक कुणाची असेल तर ती माझी.

नूडल्स आल्या. वाफा निघत होत्या, वर कोबी आणि ढोबळी मिरची. पोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, "खा ना गो."

ती म्हणाली, "आये, दूद कवा येनार?"

आमच्याकडे शेवया दूध-साखरेबरोबरच खातात. पोर शहाण्यासारखी दुधाची वाट बघत होती. मी काही बोलणार तेवढ्यात जावेने वेटरला हाक मारली. "अहो, एक पेलाभर दूध आणा! साखरपण आणा! आमच्या पेणच्या पाव्हण्यांना नूडल्सवर दूध लागतं!"

वेटर हसला. शेजारच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब हसलं, त्यांचा मुलगा बघायला खुर्चीवर उभा राहिला. आणि माझी पोर, सगळे हसतायत म्हणून, तीही हसली. मग तिच्या लक्षात आलं. तिचं ते हसू उतरताना मी पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणी होते, तोंड दाबून बसले. पोरीने घासही घेतला नाही. मी मात्र माझी प्लेट निमूट संपवली, आणि त्याचा राग मला स्वतःवरही आहे.

एवढ्यावर थांबली असती तर मीही विसरले असते. पण जावेने तो किस्सा बारशात सांगितला, साखरपुड्यात सांगितला, हातवारे करून, पोरीचा आवाज काढून. पोरीचं नावच पडलं, दूध-शेवया. तेव्हापासून पोर चार माणसांत जेवेनाशी झाली. पंगतीत ओठ मिटून बसायची आणि घरी आल्यावर दाराआड, भिंतीकडे तोंड करून भाताचे गोळे गिळायची. बायका म्हणायच्या, किती शहाणी गो पोर, कुठे हावरेपणा नाय. मी ते ऐकून घ्यायचे आणि जावेचं नाव मनात आणखी एकदा घोटायचे.

वर्षभर मी दबा धरला. पुढच्या थंडीत दीर आणि जाऊ आमच्याकडे यायचे होते. मीच निरोप पाठवला, अमावस्येच्या सुमारास या. त्या दिवसांत चिंबोऱ्या, आमच्या खाडीतले खेकडे, मांसाने भरलेल्या असतात. जावेने लग्नापासून चिंबोरी कधी ताटात घेतली नव्हती. वास येतो म्हणे. मी दोन चुलत सासवांनाही जेवायला बोलावलं. दोघींना हसायला निमित्त लागत नसे, म्हणूनच बोलावलं.

नवख्या माणसाला वाढताना आम्ही चिंबोरीची नांगी वरवंट्याने ठेचून देतो, नाहीतर ती फुटत नाही. जावेची मी ठेचली नाही. सगळ्यांत मोठी, अख्खी तिच्या ताटात वाढली. ती नको म्हणाली, तर थोरली चुलत सासू म्हणाली, "खाडीकडं दिलीय तुला, खायला नको काय?" मग तिला नाही म्हणता येईना.

तिने दाताने चावली, फुटली नाही. मग दोन्ही हातांनी वाकवली, तशी ती हातातून निसटून रश्श्यात पडली आणि तिची नवी पिवळी साडी छातीपासून मांडीपर्यंत लाल झाली. सासवा उसळून हसल्या. मी गोड आवाजात विचारलं, "अगो, काटा-चमचा आनू काय?" मग तर दीरही हसला. जावेचे डोळे भरले. मी ते डोळे पोटभर बघितले. खोटं कशाला सांगू, त्या दिवसाइतकं चवीने मी कधी जेवले नाही.

पोर माझ्या शेजारी होती. चिंबोरी तिच्या जिवाची, म्हणून त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ती सगळ्यांसमोर जेवायला लागली होती. हशा उसळला तसा तिचा हात थांबला. तोंडातला घास तिने परत ताटात ठेवला, ओठ मिटले, आणि मग हळूच विचारलं, "आये, मना हसतान?"

मी तर अजून हसतच होते.

बोलली ती जाऊ. रश्श्याने माखलेली, डोळे पुसत. "तुला नाय गो बाय. मला हसतात. मला खाता येत नाय ना." आणि तिने पोरीला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

पोर तिच्याजवळ बसून सगळं जेवली. माझ्या पोरीला जे मी सांगायला हवं होतं, ते त्या बाईने सांगितलं. तेवढ्यासाठी मी तिला मरेपर्यंत माफ करणार नाही.