भिजत घातलेली नळी

मुलांनो, तुमच्या फोनमधल्या बॅटरीला कोणी घाबरत नाही. ऐंशी सालाच्या सुमारास वर्ध्याच्या कॉलेजात आम्ही जी करू पाहत होतो, तिला आम्ही सगळेच घाबरायचो. अॅल्युमिनाची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेली एक पांढरी नळी; आत सोडियम, बाहेर कार्बनच्या नमद्यात, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड थरात, मुरवलेलं गंधक. तापवलं की दोन्ही वितळत. मधली नळी तडकली, तर आगच.

नळीला दमट हवाही सोसत नसे. पावसाळ्यात प्रयोगशाळेची कपाटं ओलसर होत, म्हणून धड उरलेली एकुलती नळी मी डब्यात घालून पवनारला घरी आणली आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवली. हे काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला दोन दिवसांनी नागपूरहून पाहुणे येणार होते.

सकाळी डबा रिकामा. नळी बादलीत, पाण्याखाली.

"आई, हे काय केलंत?"

"नवं मडकं भिजू घातल्याबिगर आगीवर ठेवते का कोनी?" सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हने ना, तडकते म्हून. एवढी शिकली, अन् हे कोनी सांगतलं नाई तुले?"

नळी पदरात गुंडाळून मी बस धरली आणि आमच्या विभागप्रमुखांना सरळ सांगून टाकलं.

"पाण्यात? रात्रभर?" सर खुर्चीतून उठले.

शेजारचे सहकारी म्हणाले, "आता विरजणही लावून टाका, बाई."

सोडियम पेटायला पाण्याचा थेंब पुरतो. नळी रिकामीच भट्टीत ठेवून दिवस-रात्र तापवायची, मग वाजवून पाहायची, असं मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. पण केसाएवढी चीर कानाला कळतेच असं नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"भरायची?" सरांनी मलाच विचारलं.

"भरू या."

पाण्याच्या बादल्या बाहेर गेल्या, वाळूच्या आत आल्या. पाहुणे दारातच उभे राहिले. तापमान तीनशेच्या वर गेलं. मग व्होल्टमीटरचा काटा हलला, दोनच्या जरा पुढे गेला आणि तिथेच थांबला. बॅटरी चालली होती; मी आकडा वहीत टिपला.

काम चालू राहिलं. पाहुणे गेल्यावर, भट्टी निवताना, ती नळी तडकलीच. पण तोवर आतलं-बाहेरचं सगळं थिजलं होतं, म्हणून आग लागली नाही.

"टिकलं का तुह्यं मडकं?" घरी सासूबाईंनी विचारलं.

"पाहुणे होते तोवर टिकलं."

"मंग?" एवढंच म्हणाल्या.

पुढची नळी घेऊन मी घरी आले, तेव्हा अंगणात बादली आधीच भरून ठेवलेली होती.