एका न विचारलेल्या 'कुठं'मागे जामखेड ते सुपा

त्या सोमवारी सकाळी मी देवपूजेला बसलो होतो आणि धाकटा भाऊ भागवत कामाला निघाला होता. तो विहिरीत सुरुंग लावतो. खांद्यावर पहार, हातात पिशवी. त्याची बायको सोना दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "अवो, पर कुठं…" मी गंधाची वाटी खाली न ठेवताच तिला हात करून गप्प केले. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकू नये, टोकले की काम फिसकटते, हे मी आईकडून ऐकत आलो होतो. सोनाने पदर ओढून घेतला. भागवत एवढेच म्हणाला की आठ दिवसांत येतो, आणि नगरच्या वाटेला लागला.

वीस दिवस झाले तरी तो आला नाही. पूजेत माझे लक्ष लागेना. आरती म्हणताना मधलेच कडवे विसरू लागलो. एकविसाव्या दिवशी पहाटे सोनाने भाकरी आणि ठेच्याची शिदोरी बांधून माझ्यापुढे ठेवली. मी जाणार असल्याचे मी कुणालाच सांगितले नव्हते.

आमच्या गावाहून जामखेड चार कोस. तिथून नगरला सर्व्हिस मोटार मिळते. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. पाठीमागे पत्र्याची उंच भट्टी बसवलेली असते. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी मागच्या बाकावर बसू नये. ठिणग्या उडतात. माझ्या शेजाऱ्याच्या धोतराला दोन भोके पडली आणि तो नगरपर्यंत क्लीनरला सासूसारखा टाकून बोलत राहिला. गाठोडे टपावर देऊ नये, मांडीवर घ्यावे. भाडे चढण्याआधी ठरवावे. चढ आला की सगळ्यांना उतरवतात, तेव्हा मोटारीच्या मागून नाही, बाजूने चालावे. एका चढावर ती खरोखरच हातभर मागे आली.

जामखेड सोडले की थोड्याच वेळात मोगलाई लागते, म्हणजे निजामाचा मुलूख. आष्टी आणि कडा ही गावे त्यात येतात, आणि पुढे पुन्हा इंग्रजी हद्द. हद्दीवर नाका आहे. तिथे गाठोडी सोडतात. कारकून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, "कुठं निघालात?" माझ्या पुढचा म्हातारा टोकल्याचा दोष जावा म्हणून उत्तर देण्याआधी बाजूला थुंकला. मी 'नगर' म्हणालो आणि मनात देवाचे नाव घेतले. मग एकदम डोक्यात आले की वीस दिवसांपूर्वी भागवतही इथूनच गेला असेल, आणि त्यालाही हे विचारले असेल.

मी हात जोडून कारकुनाला सांगितले की भाऊ हरवला आहे, पिशवीत सुरुंगाच्या वाती होत्या. तो पहिल्यांदा वैतागला. मागची रांग ओरडू लागली, मोटारवाला भोंगा वाजवू लागला. तरी त्याने वही मागे चाळली. अक्षरे उर्दू, मला काय कळणार? बोट एका ओळीवर थांबले.

"भागवत. वाती आणि पहार. सुपा, विहिरीचं काम," त्याने वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ तुमचा, आणि ठाऊक मला?"

मी गाठोडे बांधले आणि मोटारीत जाऊन बसलो.

कड्याला चहा मिळाला, गुळाचा. साखरेचे नाव काढू नये. नगरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. मोटार-स्टँडवर कोणी 'पाव्हणं' म्हणून हसत गाठोड्याला हात घातला तर हसून गाठोडे आपल्याकडे ओढावे. माझ्या देखत एका बाईची पेटी अशीच गर्दीत शिरली ती पुन्हा दिसली नाही. धर्मशाळेत गाठोडे उशाला आणि वहाणा गाठोड्याखाली. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी. पुढे पायी जायचे म्हणून पोटभर खाल्ले.

सकाळी पुण्याच्या रस्त्याला लागलो. केडगावपर्यंत लष्करी लॉऱ्यांची रांग चालूच होती. धुळीत पुढचा माणूस दिसत नव्हता. मी सवयीने डाव्या कडेने चाललो होतो. मोटेवरच्या एका शेतकऱ्याने हाक मारून मला रस्त्याच्या उजव्या अंगाला घेतले. म्हणाला, ह्या अंगानं चाला, म्हंजी गाडी समोरून येती, मागनं येऊन खात न्हाई. त्याने स्वतःचा एक बैल असाच गमावला होता. हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

केडगावच्या पुढे एका बैलगाडीत जागा मिळाली, बाकीचे पायी. सुप्याला दुसऱ्या दिवशी पोचलो. विहिरींचे काम कुणाकडे असे विचारता सगळ्यांनी रहिमानभाईंकडे बोट दाखवले. ते टोळीचे मुकादम, साठीचे, दाढीत दगडाची भुकटी. मी भागवतचे नाव घेतले तसे त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली.

"तुमी कोन त्याचे?"

"थोरला भाऊ."

"मग इतकं दीस कुठं हुता?" ते रागावून म्हणाले, आणि लगेच त्यांनी मला खाटेवर बसवून पाणी दिले.

घडले ते असे. एक सुरुंग उडाला नव्हता. अशा वेळी विहिरीपाशी फिरकायचे नाही, दुसऱ्या दिवशीच हात लावायचा, ही त्या कामातली पहिली शिस्त. भागवतने बाकीच्यांना लांब ठेवले आणि स्वतः काठावरून वाकून पाहिले. तेवढ्यात उडाला. तोंड भाजले, जबडा फुटला. रहिमानभाईंनी त्याला गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात नेले. घरी पत्र टाकायचे तर त्याला बोलता येईना, आणि लिहिणे तो कधी शिकलाच नव्हता. टोळीत त्याला सगळे 'जामखेडवाला' म्हणत, कारण आमच्या गावाचे नाव लांब कुणाला ठाऊक नसते, म्हणून आम्ही बाहेर गेलो की जामखेडच सांगतो. कार्ड गेले ते 'भागवत सुरुंगवाला, जामखेड' असे. ते कुठे पडले देव जाणे.

मी विचारले, त्याला गाव कोणते, घरी कोण, हे आधी कुणी विचारले नव्हते का?

रहिमानभाईंनी दाढीतली भुकटी झटकली. "आमच्यात बी तसंच हाय, दादा. येनाऱ्याला कुठला म्हनून लई खोदत न्हाई, जानाऱ्याला टोकत न्हाई. मान्सानं कामाला यावं, काम करावं." मग म्हणाले, "चूक झाली. माझी बी झाली."

त्यांनी त्यांची गाडी जोडून दिली. ज्या नगरात मी धर्मशाळेत झोपलो होतो, तिथेच चार गल्ल्यांपलीकडे भागवत होता. तोंडाला पट्ट्या, एक डोळा उघडा. खाटेवरच्या कागदावर नावाच्या जागी 'भागवत जामखेडवाला' एवढेच. त्याने माझे मनगट धरले ते सोडेना. मी नर्सबाईंना नाव, बापाचे नाव, गाव, तालुका सगळे सांगितले. दोनदा सांगितले. त्यांनी लिहिलेले वाचून दाखवा म्हणालो. त्या हसल्या, पण त्यांनी वाचले.

महिन्याने त्याला घरी आणले. दुसरा डोळा गेला. बोलतो, पण घास चावताना थांबतो. घरी आल्यावर सोनाने त्याचे पाय धुतले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दादा, त्या दिशी मी इचारनार हुते."

"व्हय," मी म्हणालो.

एवढेच बोलणे झाले. पण तेव्हापासून मला स्वस्थ बसवेना. प्रवासातला कोळशाचा धूर, नाका, लॉऱ्या हे सगळे विरून गेले, तेवढे वाक्य राहिले. देवापुढे बसलो की वाटे, मी ज्याला श्रद्धा म्हणत होतो ती भीतीच होती, आणि ती मी दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवून पाळली.

आमच्या वेशीतून रोज माणसे बाहेरगावी कामाला जातात. खोदाईला, छाटणीला, मोटारीवर. त्यांना विचारून लिहून ठेवायचे असे मी ठरवले. दहा-बारा सकाळी वही घेऊन वेशीत उभा राहिलो आणि कुणी दिसताच 'राम राम' म्हणून परत आलो.

या सोमवारी वहीबरोबर पाण्याचा हंडा आणि तांब्या घेतला. आमच्याकडे कुणी टोकलेच तर माणूस क्षणभर खाली बसतो, पाणी पितो आणि नव्याने निघतो. मग दोष राहत नाही. पहिला आला नामदेव, माझ्याहून थोरला, जिभेचा तिखट.

"नामदेवबा, कुठं निघालात?"

तो जागच्या जागी थबकला. "पूजा सोडून नाक्याचा कारकून झालास का?" मग शिव्या पुटपुटत चौथऱ्यावर बसला. मी तांब्या पुढे केला. त्याने पाणी प्यायले, मिशा पुसल्या, आणि उठता उठता कुणी ऐकत नाही ना, हे पाहून सांगितले. मी लिहिले: नामदेव, खर्डा, कासाराच्या मळ्यातली विहीर, शुक्रवारी परत.

मान वर केली तर त्याच्यामागे आणखी तिघे येऊन बसले होते आणि तांब्याची वाट पाहत होते.