'बस' या शब्दाचे दोन अर्थ

शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात असतो, असे मी वर्गात नेहमी सांगत असे. रायपूरच्या सरकारी शाळेत हिंदी व्याकरण शिकवताना हे वाक्य मी किती पिढ्यांना ऐकवले, याची मोजदाद नाही. मला स्वतःला ते समजले निवृत्तीनंतर, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

हिंदीत 'बस' म्हणजे पुरे. मराठीत 'बस' म्हणजे खाली बस. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात या दोन्ही भाषा एकमेकींच्या पायात पाय घालून वावरतात. मुलगा मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. नात मला दादी म्हणते. मी अभ्यासावरून बोलू लागले की ती वैतागून म्हणे, "बस, दादी, बस!" आणि कोपऱ्यातला कुत्रा मागचे पाय मुडपून गंभीरपणे खाली बसे. मग तिला हसू आवरत नसे आणि माझे रागावणे तिथेच राहून जाई.

त्याला हे शिकवले होते माझ्या यजमानांनी. ते रेल्वेत होते. नोकरीच्या अखेरच्या महिन्यात गुढियारीच्या बाजूला मालधक्क्यावर पोत्यांच्या आडोशाला त्यांना हे पिलू सापडले. ते मूळचे वऱ्हाडातले, त्यामुळे पिलाचे सगळे शिक्षण वऱ्हाडीत झाले. "अठी ये." "बस." "काहून भुकून राहिला बे?" मी नागपूरच्या शिक्षकाची मुलगी, आमच्या माहेरी 'मले' म्हणणाऱ्याला 'मला' दहा वेळा पाटीवर लिहावे लागे. लग्नानंतर मी तोच नियम यजमानांना लावला. ते हसून म्हणत, "तुह्या शाळेत पोट्टे कमी पडले का वं, तं मले शिकवून राहिली?"

ते गेले, तेव्हा कुत्र्याने अन्न सोडले. मी शुद्ध मराठीत त्याला बोलावत होते, "इकडे ये, खाऊन घे." तो कानही हलवत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीचे दार लावून घेतले. कोणी ऐकू नये, असे मला का वाटले, ते आज सांगायला संकोच नाही: एवढी वर्षे जी बोली मी चूक ठरवली, ती माझ्या तोंडून निघणार होती. मी म्हणाले, "अठी ये बे. काहून रुसून राहिला?" तो उठला. जवळ येऊन त्याने माझ्या गुडघ्यावर डोके ठेवले आणि ताटलीतली पोळी खाल्ली.

त्या दिवसापासून रोज सकाळी कॉलनीच्या रस्त्यांवरून फिरताना मी त्याच्याशी यजमानांच्या भाषेत बोलत असे. मला ती हळूहळू जमू लागली. विद्यार्थिनी म्हणून मी फार हुशार नव्हते, पण नियमित होते.

गेल्या हिवाळ्यात त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. समता कॉलनीतल्या दवाखान्यात दोन दिवस त्याला सलाइन लावले. दुसऱ्या दिवशी सुई काढताना डॉक्टर त्याच्या मानेवर हात ठेवून हळुवारपणे म्हणाले, "बस, बेटा, बस." आदल्या दिवसापासून ज्याला मान उचलवत नव्हती, तो पुढच्या पायांवर जोर देऊन थरथरत अंग वर ओढू लागला.

डॉक्टरांनी घाईने त्याला धरले. "अरे, ये उठ क्यों रहा है?"

"उठ नहीं रहा, डॉक्टर साहब," मी म्हणाले. "बैठ रहा है. आपने ही तो कहा."

तो अर्धवट बसला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहू लागला. मी ती दिली. त्यानंतरच्या दिवशी दुपारी, घरी, त्याच्या नेहमीच्या गोणपाटावर तो गेला.

आठवडा उलटल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: इतक्या दिवसांत मी वऱ्हाडीचा एक शब्दही मोठ्याने उच्चारला नव्हता. न बोललेली भाषा आधी जिभेवरून जाते, मग कानातून. यजमानांचा आवाज या घरात ज्या शब्दांत उरला होता, ते शब्द ऐकणाऱ्या शेवटच्या कानाला मी नुकताच निरोप देऊन आले होते. मुलगा म्हणाला, दुसरे पिल्लू आणू. मी नको म्हटले. जे काम माझे, ते पुन्हा एका मुक्या जिवावर सोपवणे मला पटले नाही.

मी नातीला सांगितले, "उद्यापासून सकाळी अर्धा तास माझ्याबरोबर फिरायचे. तेवढा वेळ फक्त मराठी."

"मैं क्या कुत्ता हूँ, दादी?"

"नाही. त्याला शिकायची आवड होती."

ती तोंड वाकडे करून आली, पण आली. मी जुन्या सवयीने रीतसर सुरुवात केली, रोज एक क्रियापद. चौथ्या दिवशी म्हणाले, "म्हण, मला पाणी दे."

ती रस्त्यातच थांबली. "गलत. दादाजी तो 'मले' बोलते थे."

वर्गात मुलाने चूक दाखवली, तर शिक्षकाने ती मान्य करावी, हेही मी आयुष्यभर सांगत आले होते. सांगणे सोपे होते. माझ्या लाल पेन्सिलीने यजमानांच्या किती वाक्यांवर रेघा ओढल्या असतील, ते आठवले.

"बरोबर आहे तुझे," मी म्हणाले. "मले पाणी दे."

"मले पाणी दे," ती म्हणाली.

याला आता बरेच महिने झाले. अर्ध्या तासातला निम्मा वेळ ती अजून हिंदीत बोलते. मी रागावत नाही आणि सोडतही नाही. काल माझे गुडघे दुखू लागले, तेव्हा तिने बागेबाहेरच्या बाकावर हात आपटला. "दादी, बस."

"पुरे म्हणतेस, की खाली बस म्हणतेस?" मी विचारले. संदिग्ध वाक्य मी तसेच जाऊ देत नाही.

तिने थोडा विचार केला.

"अठी बस," ती म्हणाली.

मी बसले.