सुरुचीचा डावा गुडघा

चांदीप गावची सुरुची चढाईला गेली की रिकाम्या हाताने परतत नाही, असं विरारच्या कबड्डीच्या मैदानांवर बोललं जायचं. भातशेती करणाऱ्या रामनाथची ही थोरली लेक. रोज संध्याकाळी विरारच्या फुलपाड्याला यायची आणि सुधाकर सरांच्या संघात खेळायची. सरांनी तिला शाळेत असतानाच हेरलं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून हिला नोकरी लागेल, असं त्यांनीच रामनाथला सांगितलं, आणि तेव्हापासून घरात तिच्या लग्नाचा विषय कुणी काढला नव्हता.

दोन हजार सहा साली तिचा डावा गुडघा आतून ठणकायला लागला. वरून ना सूज, ना मार. झटकन वळलं की मात्र कळ थेट मांडीत जायची. विरारमध्ये एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मग साधा एमआरआय झाला, त्यातही काही सापडेना.

"सगळं नीट आहे म्हणतात," सुधाकर सर म्हणाले. "मग दुखतं कुठे? नोकरीसाठीची निवड चाचणी तोंडावर आली की भल्याभल्यांचे गुडघे दुखतात, सुरुची."

ती गुडघ्याला पट्टी बांधून खेळत राहिली.

मुंबईच्या एका रुग्णालयात इझाबेल नावाच्या डॉक्टर खेळाडूंच्या गुडघ्यांचा अभ्यास करत होत्या. मूळच्या वसईच्याच. संघातली दिपिका सुरुचीला त्यांच्याकडे ओढत घेऊन गेली. यंत्र एमआरआयचंच, पण तपासायची पद्धत नवी. हाडांच्या टोकांवर जी मऊ गादी असते, त्या कूर्चेतलं पाणी कुठे बिघडलंय, ते पडद्यावर रंगांत दिसायचं. निळ्या-हिरव्या पट्ट्यात एका जागी लाल डाग होता.

"कूर्चा फाटलेली नाही, म्हणून आधी काही दिसलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आतली वीण सैल झालीय. अशीच खेळत राहिलीस तर पुढे हाडावर हाड घासेल, अशी मला भीती वाटते."

"औषध काय, मॅडम?"

"औषध नाही. खेळ थांबव, एवढंच सांगू शकते."

"थांबवला तर बरं होईल?"

"तेही खात्रीने सांगता येत नाही गं."

सुरुचीने घरी सांगितलं तेव्हा रामनाथने तपासणीचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "तुला खेलायचा नसंल तं तसा सांग, पोरी. रंगीत फोटो कशाला दाखवतंस?"

खेळावं की थांबावं, तिचं ठरेना. शेवटी डॉक्टरांचं ऐकून तिने खेळ थांबवला, निवड चाचणीला गेली नाही. तिच्या जागी दिपिका गेली, निवडली गेली आणि नोकरीला लागली. लोकांनी आपापला अर्थ काढला. दिपिकानेच हिला घाबरवलं, म्हणे. दिपिका पेढे घेऊन चांदीपला आली, ओटीवरच रडली. सुरुचीने एक पेढा तोंडात टाकला. तिचा दिपिकावर राग नव्हता.

पुढे ती वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सुधाकर सर रस्त्यात दिसले की नजर दुसरीकडे वळवायचे. लंगडत असती तर गाव निदान हळहळलं असतं. चांगली धडधाकट चालणारी मुलगी ऐन वेळी कच खाऊन बसली, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. कधी कधी तिलाही तसंच वाटायचं.

वर्षभराने डॉक्टर इझाबेलनी पुन्हा तपासणीला बोलावलं. दोन्ही चित्रं शेजारी लावून त्यांनी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"डाग तेवढाच आहे, सुरुची! जरासुद्धा वाढलेला नाही."

सुरुची पडद्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले, आणि डॉक्टरांना वाटलं आनंदाने.

"वाढला असता तर बरं झालं असतं, मॅडम," ती म्हणाली. "मी कच खाल्ली नाही, हे तरी कळलं असतं."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो हळूच बाजूला केला. जिना उतरताना गुडघा मुळीच दुखत नव्हता.